सुमे, बयो राहिली नव्हती

प्रिय सुमे,

जिथे टपाल पोचत नाही तिथे पत्र लिहायला बसले आहे. काय करू! काल तुझी नात इरा येऊन गेली आणि तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही.

युनिव्हर्सिटीत तिला तीच जुनी कादंबरी लागली आहे, आपल्या बयोची. चहाचा कप हातात धरून पोर म्हणाली, "कमलआजी, आजी म्हणायची बयो त्या हवेलीतच राहिली. बट शी लीव्ह्ज! आजीला कुणी सांगितलं असं?"

मी म्हणाले, "मला नाही गं आठवत."

आठवत नाही? त्या दिवशीचा तुझा कोपराशी विरलेला स्वेटरसुद्धा आठवतो मला!

दर मंगळवारी आपण बसने लायब्ररीत जायचो. मी चौथी पास, नातवाच्या पुस्तकांवर आणि डिक्शनरीवर इंग्रजी शिकलेली. तुला तेवढंही येत नव्हतं. मी घरी एकेक प्रकरण वाचायचे आणि बसमध्ये तुला मराठीत सांगायचे. नायिकेचं नाव तुझ्या जिभेवर बसेना, म्हणून तूच तिचं बारसं केलंस: बयो. "ना आई ना बाप, पण कणा बघ पोरीचा!" म्हणायचीस. समुद्राकाठची काळोखी हवेली, बंद मनोरा आणि बयोवर जीव टाकणारा तो मालक. तुला तो पहिल्यापासून खपला नाही. "गोड बोलतो मेला. असल्यांच्या घरात एक खोली बंदच असते."

निघालंही तसंच. सख्ख्या भावाला वेडा ठरवून त्यानं मनोऱ्यात कोंडलं होतं. बयोला म्हणाला, लग्न कर आणि गप्प राहा.

पुढच्या मंगळवारी बसमध्ये टेकताच तू म्हणालीस, "कमल, माझ्या मामेबहिणीकडची, नीलाकडची, वरची खोली रिकामी आहे. ये म्हणते राहायला. चाळीस वर्षं झाली गं, चारचौघांत मला बावळट म्हटल्याशिवाय ह्यांचं जेवण उरकत नाही. जाऊ का? थांब, आधी सांग, बयोनं काय केलं?"

हसत विचारलंस. पण हातमोजे काढून पुन्हा घालत होतीस.

मी ते प्रकरण दोनदा वाचलं होतं. आणि मी म्हणाले, "राहिली गं. म्हणाली, माणूस आहे, चुकायचंच."

का म्हणाले? लोक नावं ठेवतील, ह्या वयात तुझं कसं होईल, असं स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं. खरं एवढंच, की नीला दूर, डेट्रॉइटच्या पलीकडे राहायची. तू गेली असतीस तर ह्या परक्या देशात माझ्याशी दोन शब्द बोलणारं कोण होतं? सून कामात, नातवंडं 'हाय आजी' म्हणून दार लावून घेतात. आपल्या पोळीवर तूप ओढलं मी, सुमे!

मग म्हणालीस, "एवढी करारी पोर राहिली, तर मी कोण लागून गेले?" आणि डबा उघडून मला लाडू दिलास. भांडली का नाहीस गं? एकदा तरी म्हणायचंस, "दाखव ते पान!"

त्यानंतर तीन हिवाळे काढलेस त्या घरात. तू वारलीस तेव्हा तुझे यजमान, डॉक्टर, सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची सुमन फार सोशिक होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आणि काल निघताना इरा काय म्हणाली, ठाऊक आहे? "आजी मला नेहमी सांगायची, बयोसारखं निभवायला शिक." माझं खोटं तू पदरी बांधून ठेवलंस आणि पोरीला आंदण दिलंस! आता तोंड कुठे लपवू?

ऐक, फार उशीर झाला तरी. बयो गेली. भर बर्फात, एक पिशवी घेऊन. उपाशी पडली, पाय रक्ताळले, पण मेली नाही. एका पाववाल्याकडे काम धरलं, आणि पुढे माणसं गोळा करून त्या भावाला सोडवायला परत आली. तुलाही जमलं असतं गं. तुझा कणा काय तिच्याहून कमी होता?

रविवारी मी इराच्या हॉस्टेलवर जाईन. एकटी. "ती राहिली असं तुझ्या आजीला मीच सांगितलं, माझ्या सोयीसाठी," एवढं तिच्या डोळ्यांत बघून बोलेन. त्यानंतर तिनं मला आजी म्हटलं नाही तरी चालेल. हा शब्द तुला देते आहे. ह्या वेळी बदलणार नाही.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क नाही, तरीही तुझीच,
कमल