बाहेर कोण बसणार?

ठमे,

आधी खाली बस, मग वाच. गेल्या महिन्यात अपेंडिक्स काढल्याचं तुला टाके निघाल्यावर कळवलं, तेव्हा फोनवर केवढी तडकलीस! मी म्हटलं, आपल्या घरात आजारपण बरं झाल्यावरच सांगतात. आधी सांगितलं की माणसं धावत येतात आणि त्यांचा चहा रोग्यालाच करावा लागतो.

आता ऐक. काढलेलं अपेंडिक्स तपासायला पाठवतातच. त्यात कॅन्सर निघाला, फार क्वचित आढळणारा. आज सर्जनबाईंनी बोलावून सांगितलं. तुझ्याच वयाची पोरगी आहे.

"आतड्याचा थोडा भाग काढावा लागेल," ती म्हणाली. "कुठवर पसरलाय, ते आत बघितल्याशिवाय कळणार नाही. सोमवारी करू. तुमच्याबरोबर कोण आहे?"

"मी आहे की."

"काकू, तुम्ही टेबलावर असाल. बाहेर कोण बसणार?"

जन्मभर वर्गात प्रश्न मीच विचारले. आज मात्र अभ्यास न केलेल्या पोरासारखी "नंतर सांगते" म्हणून निघाले.

घरी येऊन हे लिहायला बसले. पण टपालानं तुझ्यापर्यंत पोचेतो सोमवार उलटलेला असेल. म्हणजे पुन्हा सगळं आटोपल्यावरच कळवल्यासारखं. हे आत्ता लक्षात आलं, की पेन उचलतानाच ठाऊक होतं, ते मला विचारू नकोस.

भीती वाटते गं. हे कागदावर लिहिता आलं, फोनवर म्हणता येणार नाही. म्हणून हे पोस्टात टाकत नाही, फोन लावते. नुसतं "ये" म्हणेन. तेवढ्यावर नीघ.

आई