कड्यावरची वाट

३ मे

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

सुट्ट्या लागल्या आणि तळ्याकाठची सगळी घरं पाहुण्यांनी भरली. नावा काय, तंबू काय, पहाटे पक्षी बघायला रानात झुंबड काय! तू म्हणशील, ही दरी की बाजार? हे रोज बारा-बारा जणांना कड्यावर फिरवून आणतात.

दादा, कुणाला सांगू नकोस. ह्यांना दिसेनासं झालंय. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काहीच नाही. मला सांगितलेलं नाही. चहा कपाबाहेर ओतायला लागले तेव्हा मीच ओळखलं. त्याला आठ महिने झाले. बोलले तर खचतील, लॉजवाल्याला कळलं तर काम जाईल, म्हणून मीही गप्प. पाणी न्यायच्या निमित्तानं पुढे चालते. धोंडा आला की खोकते. परवा एका पाहुणीनं मला खोकल्याच्या गोळ्या दिल्या. हसू की रडू? मागे लहान लेकरंही असतात रे. काय करू, लगेच कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी

९ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी माझी फुटलेली पाटी आईपासून लपवलीस, तशी ही लपवायची गोष्ट आहे का, वेडे? दाजींना आजच थांबव. रागावले तर रागावू देत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. कामाचं पुढे बघू.

काळजीत,
दादा

२१ मे

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं. आदल्या दिवशी मी तापानं पडून होते आणि हे एकटेच गेले. वळणावर वाटेची कड ढासळली होती. ह्यांचा पाय हवेत गेला. मागून येणाऱ्या पाहुण्यांतल्या एका मास्तरांनी ह्यांच्या पिशवीचा पट्टा धरला म्हणून वाचले. मग तिथेच बसले आणि ‘मला दिसत नाही’ असं सगळ्यांना स्वतःच सांगितलं. पाहुण्यांनी त्यांना हाताला धरून खाली आणलं. एक चिमुरडी म्हणे वाटेतला प्रत्येक दगड सांगत होती.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. सहा महिने आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मलाच विचारलं. तर हे माझा हात शोधत म्हणाले, हिला बोल लावू नका, मी हिला पत्ताच लागू दिला नाही.

मी मान खाली घालून उभी राहिले. अजून तशीच आहे. दादा, तू ये.

तुझी,
धाकटी