चोरबगळ्याचे साक्षीदार

१९ मार्च, दुपारी

धाकटे,

आशीर्वाद. थोरल्या माणसाने आधी तो लिहायचा असतो म्हणून लिहिला. पत्र शेवटपर्यंत वाच, मग ठेवायचा की नाही ते तुझं तू बघ.

तुझं पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याचं वाचलं. शेक देत जा, नुसती मलमं फासून काही होत नाही. मी बरी आहे. लॉजवर गर्दी वाढलीय, धुलाईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि नवीन साबणाने हाताची सालं निघालीत. माझं अक्षर तसंही कोंबडीने उकरल्यासारखं, त्यात हे हात. लागेल तसं वाच.

तुला अलीकडे पक्ष्यांची आवड लागलीय असं कळलं, म्हणून तळ्याची बातमी देते. थंडीतली बदकं बहुतेक गेली. पाकोळ्या आल्या, दिवसभर पाण्याला पोट घासत फिरतात. टिबुकल्यांची जोडी जमलीय. ती पाण्यात बुडी मारते, तो शोधत बसतो, ती भलतीकडेच वर येते. मला बघायला मजा येते. परीट पक्षी धुलाईच्या मोरीपाशी शेपट्या आपटत असतात, माझ्याच धंद्यातले, पण त्यांना पगार नाही आणि पाहुण्यांची कटकट नाही. झाडांना पालवी फुटलीय. काठावर रोज सकाळी पक्षी बघणाऱ्या मंडळाची माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून उभी असतात आणि कुजबुजत बोलतात, जशी काही तळ्यात कोणी आजारी आहे.

तुझे भाऊजी मात्र आता त्यांच्यात नसतात. ते तू लिहिलंच आहेस. "भाऊजी खंगलेत, जेवण टाकलंय, रात्री उठून बसतात." बाई, मी त्याच घरात राहते. ताट मी वाढते, मी उचलते. तो रात्री उठून बसतो हे मला ठाऊक असणार. तुला बसने येऊन जायचं तर अर्धा दिवस लागतो, तुला हे कसं कळलं? पत्र लिहिताना जरा डोकं चालवत जा. लहानपणापासून तू अशीच, चोरून खायचं आणि तोंड पुसायचं विसरायचं.

आणि खाली लिहितेस, "ताई, तू दातवाल्या डॉक्टरांना खरं काय ते सांग. भाऊजींचा पक्षी त्यांना परत मिळू दे."

खरं सांगू? तर मग आधी तुलाच सांगते. मला काय माहीत आहे याचा तुम्हा दोघांना नीट अंदाज नाही.

मागच्या महिन्यात तो शुक्रवारी निघाला. परगावी पंप बिघडलाय, मुक्काम पडेल म्हणाला. मी डबा दिला. शनिवारी माझी सुट्टी होती. सोमवारी लॉजवर गेले तर वरच्या कोपऱ्यातल्या खोलीचे कपडे ढिगात सगळ्यात वर होते. उशीचा अभ्रा उलटा केला आणि त्यातून त्याच्या दुर्बिणीचं झाकण पडलं. हरवू नये म्हणून त्याला मीच निळी दोरी शिवली होती. मला वाटलं, पक्ष्यांच्या नादात हा मेला गुपचूप त्या खोलीत जाऊन बसला असेल. त्या खिडकीतून थेट लव्हाळं दिसतं. मंडळातले सगळे त्या खोलीवर टपलेले असतात. मी हसले सुद्धा. झाकण पदराला बांधलं, म्हटलं, जेवताना समोर ठेवीन आणि तोंड बघीन. मग कामात राहून गेलं.

त्याच संध्याकाळी ते दातवाले डॉक्टर घरी आले, मंडळाची वही त्यांच्याचकडे असते. तो होताच, पंखा उघडून बसला होता. डॉक्टर खुशीत होते. म्हणाले, "वहिनी, पेढे काढा. तुमच्या मालकांनी तळ्याचं नाव काढलं. चोरबगळा, तोही आपल्या लव्हाळ्यात. माझी हयात गेली, मला एकदा दिसला नाही."

मी म्हटलं, "दिसत नाही म्हणूनच चोर ना?"

"चोच आभाळाकडे करून उभा राहिला की लव्हाळ्याची काडीच. असा पक्षी एकट्याने पाहिला तर मंडळ धरत नाही, दोन माणसांचे डोळे लागतात. पण इथे दुसरा साक्षीदार घरचाच. तुमची बहीण होती ना सोबत, शनिवारी पहाटे."

शनिवारी पहाटे. तुझ्या गावची पहिली बस इथे दुपारी लागते. आणि शुक्रवारी रात्री तू माझ्या घरी नव्हतीस.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पंख्याच्या पात्याकडे बघत होता. बघ, त्याला तू हवी होतीस, म्हणून खोली घेतली. पण खोली घेतली तीही लव्हाळ्यावरची. आणि बगळा दिसला, तेव्हा त्याला तो सोडवेना. दुसरा साक्षीदार पाहिजे म्हणून त्याने सरळ तुझं नाव देऊन टाकलं. तुझी अब्रू, माझं घर, सगळं गेलं तरी चालेल, मंडळात पक्षी लागला पाहिजे. यावर तू जरा शांतपणे विचार कर. तुला तो कशासाठी खर्ची घालतो ते तरी कळू दे.

मी भांडले नाही. मी चहा ओतला आणि म्हटलं, "डॉक्टर, काहीतरी घोटाळा आहे. शनिवारी हे घरीच होते. कंबर धरली होती, कुशीवर वळता येत नव्हतं. मी तेल चोळत होते. आणि धाकटी तर तिकडे आईजवळ."

डॉक्टरांचा कप हातातच राहिला. "मग..."

"यांनाच विचारा," मी म्हटलं. "सांगा ना हो. कंबर धरली होती ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पदराची गाठ सोडली आणि झाकण टेबलावर, साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं. डॉक्टरांना ते नुसतं झाकण.

तो "होय" म्हणाला.

तेवढंच. माझं बोलणं डॉक्टरांनी एक वेळ मानलं नसतं. पण बगळा त्याने स्वतःच्या तोंडाने पुसला. "नाही, मी वरच्या खोलीत होतो" एवढं म्हणाला असता तर पक्षी त्याचा होता. बाईलाही सांभाळता आलं नाही आणि पक्ष्यालाही. डॉक्टर चहा तसाच ठेवून गेले. जाताना त्याला नमस्कारही केला नाही.

आता मंडळात त्याला कोणी विचारत नाही. शेजारची माणसं काठावर हटकतात, "काय, आज मोर पोहताना दिसला का?" वसंतातली पक्षीमोजणी यंदा दुसऱ्याच्या हाती गेली. तो रोज पहाटे उठून काठावरच्या पक्षी बघायच्या झोपडीत एकटा बसतो, परत येतो, बूट न काढता पलंगाच्या कडेला बसून राहतो. परवा मला म्हणाला, "मी खरंच पाहिला गं." मी म्हटलं, "कुठून?" तर म्हणाला, "तू लॉजच्या मागे कपडे वाळत घालतेस. तिकडे काही दिसलं तर सांगशील?" मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं."

तर तू म्हणतेस तसं मी खरं सांगू शकते. पण माझं कशाला? पाहिला तू. रविवारी मंडळ जमतं. ये, सगळ्यांसमोर उभी राहा आणि सांग, बगळा पाहिला, अमुक खिडकीतून, अमुक वेळी, अंगावर अमुक कपडे होते. मी मागच्या बाकावर बसून ऐकेन. येणार नाहीस, मला ठाऊक आहे. मग मला खऱ्याचं शिकवू नकोस.

आणि आज सकाळची गोष्ट. मी दोऱ्यांपाशी गेले, तर लव्हाळ्यातली एक काडी हलली. वारा नव्हता. नीट पाहिलं तर तिला डोळा होता, पिवळा. गळ्यावर तपकिरी रेघा उभ्या ओढलेल्या. तुमचाच की दुसरा, देव जाणे. मी बादली धरून उभी आणि तो चोच वर करून उभा. किती वेळ, ते विचारू नकोस, हात बधिर झाला. मला कळलं गं, माणसं यासाठी वेडी का होतात. हे मी कोणाला सांगणार नव्हते.

पुढे पलीकडच्या झोपडीत तो बसलेला होता. दुर्बीण लावून, थेट आमच्या बाजूला. मी एक हाक मारली असती तरी पुरे होतं. तो एक, मी दुसरी, झाले दोन माणसांचे डोळे. डॉक्टरांनी पायांना हात लावून माफी मागितली असती त्याची.

मी पाण्याकडच्या दोरीवर चादरी घातल्या. डबल पलंगाच्या, एकीला एक लावून, खाली चिमटे मारून. लव्हाळं पार झाकून टाकलं. चादरींच्या अलीकडे मी आणि बगळा. पलीकडे तो, पांढऱ्या कापडाला दुर्बीण लावून.

डॉक्टर म्हणतात, असे पक्षी चार दिवस टेकतात आणि पुढे जातात. जाऊ दे. तोवर माझ्याकडे कपडे भरपूर आहेत.

हे पत्र त्याला वाचून दाखवायचं असेल तर दाखव. पोचेपर्यंत लव्हाळं रिकामं झालेलं असेल.

आईला नमस्कार सांग. तिला यातलं काही बोलू नकोस, तिला सांगायचं तेव्हा मी येऊन सांगेन, तू समोर बसलेली असताना. आणि पुन्हा लिहिलंस तर वरती "ताई" लिहू नकोस. घराचा पत्ता पुरे, पत्र मला मिळेल.

आईची थोरली मुलगी