सकाळचे दहा थेंब

१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र बघून तू म्हणशील, याला झालंय काय, फोन मोडला का? फोन धडधाकट आहे. पण फोनवर मी "दवाखाना" म्हटलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि तू ठेवून देतेस. या महिन्यात अशा अकरा शिट्ट्या ऐकल्या. घरात माणसं दोन, एवढं शिजवतेस तरी काय?

इकडे ठीक आहे. खोलीतला नळ पुन्हा गळतोय आणि घरमालक पुन्हा "उद्या" म्हणतोय. चष्म्याचा नंबर वाढला. जेवतो वेळेवर.

प्रयोगशाळेत अजून लवंगेच्या तेलाचंच काम चालू आहे. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, म्हणून त्यात साबणासारखा एक पदार्थ घालायचा, भांडं बर्फात ठेवायचं आणि कानठळ्या बसवणाऱ्या यंत्राची सळई त्यात बुडवायची. तेलाचे थेंब इतके बारीक होतात की दुधासारखं दिसणारं मिश्रण नितळ होत जातं. उजेडात धरलं तर जेमतेम निळसर, एरवी पाणीच वाटावं. ते कर्करोगाच्या पेशींवर टाकायचं. मग एक रंग घातला की जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या कोऱ्या राहतात. त्या दिवशी ओळीच्या ओळी कोऱ्या राहिल्या आणि मी नाचतच तुला फोन केला होता.

त्या वेळी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अरे, ताटलीत काय, भांडी घासायच्या साबणानेही पेशी मरतात. माणसाच्या अंगात मरायला हव्यात आणि माणूस जगायला हवा. त्याला वर्षं लागतील, कदाचित जमणारही नाही." हे मी तुला सांगितलं नाही. तू इतकी खूश झाली होतीस. पुढच्या महिन्यात आम्ही तेल न घालता नुसतं बाकीचं मिश्रण टाकून पाहिलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्यानेही जवळजवळ तेवढ्याच पेशी मेल्या. हेही सांगितलं नाही.

आत्याने अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय की आमचा मुलगा शास्त्रज्ञ आहे. ताई, मी काचा धुतो, मापं घेतो आणि यंत्राजवळ कानात बोळे घालून बसतो. मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही, कारण ऐकायला बरं वाटायचं.

आता बाटलीचं.

दुसऱ्या केमोनंतर मी आलो तेव्हा तू न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होतीस. उठायची ताकद नव्हती. मला म्हणालीस, "तुझ्याकडचं ते औषध दे रे मला थोडं. लहानपणी तुझं नाक दाबून किती पाजलंय, आता तू पाज." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो, "पाठवतो."

परत आलो. माणसावर कधी न वापरलेली गोष्ट तुझ्या पोटात कशी घालू? आणि तुला नाही तरी कसं सांगू? मग तपकिरी बाटलीत शुद्ध पाणी भरलं. झाकणाच्या आत लवंगेच्या तेलाचं बोट फिरवलं, वास यावा म्हणून. वर चिठ्ठी लावली, रोज सकाळी दहा थेंब.

ताई, ते पाणी आहे. पहिल्या थेंबापासून नुसतं पाणी.

मला वाटलं, केमो चालू राहील, त्याच्या जोडीला हे मनाला आधार. तू केमोच सोडशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिसरी तारीख चुकवलीस, चौथी चुकवलीस. दाजींनी महिन्याच्या सुरुवातीला सांगितलं तेव्हा मी रस्त्यात होतो. तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो.

तुला बरं वाटतंय, मला माहीत आहे. भूक लागते, केस येताहेत, जिना चढतेस. पण ते केमो थांबल्यामुळे. गाठ मोठी झाली आहे. दाजी म्हणाले की तू म्हणतेस, "औषध तिला बाहेर खेचतंय." काही खेचत नाही गं. खेचायला त्यात काही नाहीच.

बाटलीत पाणी आहे हे मी दाजींना कबूल केलं, त्यांनी तुला सांगून पाहिलं. तू हसलीस म्हणे. "तुम्ही दोघांनी संगनमत केलंय, मला परत त्या खुर्चीत बसवायला." तुझी शपथ घेतो म्हटलं असतं, पण तुझी शपथ घ्यायचीच मला भीती वाटते.

दाजींचं म्हणणं, आता खरं सांगून उपयोग नाही. नवी बाटली पाठव आणि लिही की हे औषध केमोबरोबरच लागू पडतं, एरवी नाही. ती तडक जाईल. मी तसा कागद लिहिलाही होता, चार ओळींचा. आणि खरंच गेली असतीस, ताई. पण मग उद्या काही त्रास झाला की तू डॉक्टरांना न विचारता मला विचारशील, आणि मी पुन्हा काहीतरी पाठवीन. तो कागद फाडला. बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. कदाचित याही वेळी चुकलोच असेन.

डॉक्टरांनी मंगळवार दिला आहे. अजून उपाय आहे म्हणाले, पण फार थांबायला वेळ नाही. मी सोमवारी संध्याकाळी येतो. भांड, मार, दार लावून घे, मी बाहेर बसून राहीन. आणखी काय करायचं ते मला सुचत नाही.

दाजींना नमस्कार.

ज्याचं खोटं तेवढं तुला पटलं,
तो तुझा धाकटा