खालच्या कोपऱ्यातली पांढरी फुलं

३ मार्च

"खालच्या कोपऱ्याच्या वारसांनो! ज्यांनी आपल्या माणसांवर दगड ठेवू दिला नाही, तेच आज आपल्याला विचारताहेत — दगड कुठे आहे?"

सुरुवात जमली. पुढे गाडी अडली.

दफनभूमीच्या त्या उतरत्या कोपऱ्यात फुकट पुरतात, म्हणून नावाची पाटीसुद्धा लावायला मनाई. आता नगरसभेला तिथे गाड्या उभ्या करायच्या आहेत. सुनावणी त्या कोपऱ्यातच होणार; जो बोट ठेवून जागा दाखवेल, त्याच्या माणसाची जागा राखणार. दाखवणार कोण? मलाच माहीत नाही! बाबा गेले तेव्हा मी तुरुंगात — भाषण केलं म्हणून. दादाने एकट्याने सगळं केलं. सुटून आल्यावर जागा विचारली, तर म्हणाला, "तुला सभा आहेत ना, तिथे जा." तेव्हापासून अबोला.

५ मार्च

कोपरा बघून आले. नुसतं रान. पण मधेच पांढरी फुलं — कमरेएवढे दांडे, खालून वर उमलत जाणारे, प्रत्येक पाकळीच्या मधोमध तपकिरी रेघ. एक दांडा मोडून बाईंकडे नेला. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि माझ्या सभांना पहिल्या रांगेत बसून झोपतात. त्यांनी चष्मा वर केला — अ‍ॅस्फोडेल.

मी उडालेच! ग्रीकांच्या पाताळात मेलेली माणसं याच फुलांच्या कुरणात फिरतात. वीर नव्हेत, पापी नव्हेत. साधी माणसं, बाबांसारखी. भाषण सापडलं! फूलच साक्षीला उभं करते.

८ मार्च

सगळा घोळ.

बाई म्हणतात, या फुलाला मेलेल्यांचं काही पडलेलं नाही. खाली जाड मुळं असतात, त्यांत साठा असतो. वरचं जाळा, गुरं सोडा — बाकी सगळं मरतं, हे पुन्हा उठतं. शेळ्यासुद्धा सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे ही पावित्र्याची खूण नाही, जमिनीची आबाळ झाल्याची खूण! पडीक जागा — नगरसभा तरी वेगळं काय म्हणते?

म्हणून कवींकडे गेले. त्यांचंही एकमत नाही. एका जुन्या काव्यात त्या कुरणात आत्मे वटवाघळांसारखे चिरकत येतात. नंतरच्यांनी त्याचीच सुंदर बाग केली. आणखी एक जुना कवी सांगतो, गरिबाला याची मुळंही मेजवानीच. आणि काही पंडित म्हणतात, ते फुलांचं कुरण नव्हतंच, राखेचं होतं.

मेलेल्यांचं फूल, गरिबाचं जेवण, की राख? आयुष्यभर व्यासपीठावरून ठासून बोलत आले. एका फुलाने दातखीळ बसवली.

११ मार्च

वहिनी आली होती. दादाला सुनावणीला घेऊन ये, म्हटलं. "वन्सं, निरोप तुमचे नि त्यांचे, चपला झिजतात माझ्या," म्हणाली. "पोस्टमनला निदान पगार असतो." दादा येणार नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की तो मागच्या दाराने निघून जातो.

की जागाच विसरलाय? म्हणून तोंड लपवतो? भाषणात एक वाक्य घातलं — परक्यांच्या आधी घरच्यांनीच विसरलं! वाक्य जबर आहे. तरी लिहून बरं वाटलं नाही.

१४ मार्च

बाईंना कोपऱ्यात नेलं. त्या फुलांपेक्षा जमीनच बघत राहिल्या. फुलं सगळ्या उतारावर हवीत, म्हणाल्या, आणि आहेत एवढ्याशा तुकड्यात. खरंच — खाटेएवढा तुकडा, कडा सरळ. बाईंनी बुंध्याशी बोटं घातली, ती काळी होऊन वर आली.

"वणवा असा कडा आखून लागत नाही. इथे कोणीतरी दरवर्षी जाळतंय."

कोण? आणि कशाला?

१५ मार्च

वहिनीला विचारलं. तिने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "दगड लावू देत नाहीत ना. जागा हरवायला नको, म्हणून हे उन्हाळा सरताना गवत जाळून येतात. विझेपर्यंत बसतात. मला दोन वर्षांपूर्वी कळलं."

दादा लाँड्रीच्या बॉयलरवर कामाला. त्याच्या कपड्यांना धुराचा वास यायचाच. सुट्टीच्या दिवशीही तो वास का येतो, हे कोण विचारणार?

मी मोडून नेलेला दांडा बाबांवरचा होता.

१६ मार्च

भाषण फाडलं. फुलाचा अर्थ अजून लागलेला नाही. दादाच्या दारात उभी राहून काय म्हणायचं, तेवढं इथे लिहून ठेवते, नाहीतर मी पुन्हा भाषण करीन —

दादा, सुनावणीत एक शब्द बोलू नकोस. फक्त कोपऱ्यात ये, आणि तू जाळतोस त्या जागेवर उभा राहा.