चिमणी माझी कोणी लागत नाही

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवते. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करायला घरात माणूसच नाही.

१. खालचं दुकान माझ्या मालकीचं. तिथे मी एका पार्लर-कंपनीच्या नावावर, तिची पाटी लावून बायकांचे केस कापायचे. करार संपला, कंपनीने पाटी उतरवली आणि मग ते कलम दाखवलं: पुढची तीन वर्षं मी किंवा माझ्या नात्यातलं कोणीही या गावात केस कापायचे नाहीत. सही करण्याआधी करार भावाला वाचायला दिला होता. "अगं, सगळे असेच असतात, कर सही," म्हणाला. माझे सगळे कंगवे त्याला द्यावेत. त्याला टक्कल आहे हे मला ठाऊक आहे.

२. शेजारीण आली होती. "नुसती टोकं काप गं, कोणाला कळतंय?" मी दार लावून घेतलं. आता कोणी येत नाही. समोर एकटीच दिसते म्हणून आरशांवर चादरी टाकल्यात, त्या काढाव्यात.

३. दुकान, खुर्च्या, कात्र्या आणि वरची खोली चिमणीला. नवऱ्याने टाकल्यावर एक पिशवी घेऊन आली, माझ्याकडेच राहिली, माझ्या हाताखाली शिकली. कंपनीचा माणूस चौकशीला आला, "ह्या तुमच्या कोण?" मी तोंड उघडायच्या आत ही बया म्हणते, "मुलगीच आहे मी त्यांची." त्याने लिहून घेतलं. केस कापायचे नाहीत अशी नोटीस तिच्याही नावाने आली. म्हणून मी तिला भर रस्त्यात हाकललं, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून. "मावशी, माझं काय चुकलं?" म्हणत होती. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गेली नसती.

४. तरी शपथेवर लिहिते: चिमणी माझी मुलगी नाही, भाची नाही, दत्तक नाही. ती माझी कोणी लागत नाही. कंपनीने हे नीट वाचावं आणि तिला तिचं काम करू द्यावं.

५. मी गेले तर पुढचं सगळं भावाने करावं. चिमणीने पुढे येऊन रडू नये, लोक बघतात. मागे उभं राहावं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडावं. उंच खुर्चीचं पेडल अडकतं, लाथ घालावी. वरच्या खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडेच आहे. मी परत मागितली नाही.

सही माझीच, माझ्या हाताने.

समक्ष सह्या:
शेजारचा कुलूपवाला ("बाई, इतकं तोडून लिहायचं?" म्हणाला. गप सही कर म्हटलं.)
औषधाच्या दुकानातली बाई

ठिकाण: दुकानावरची खोली
दिनांक: ९ मार्च