रिव्हॉल्व्हर लहान करून न देता काढून घेण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हादंडाधिकारी,
शस्त्र परवाना शाखा,
साळगिरी.

अर्जदार: सौ. योगिनी अभिजित खासनीस, रा. लायडस्खेनडाम-फोरबर्ग, नेदरलँड्स.

विषय: माझे वडील श्री. श्यामकांत पोतनीस (वय ७९) यांना लहान रिव्हॉल्व्हर घेण्यास दिलेली परवानगी थांबवून, जवळ असलेलेही जमा करून घेण्याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन अर्ज, व ते दप्तरी दाखल केल्याचे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर करते की,

१. माझ्या वडिलांची सराफी पेढी होती. सोने घेऊन गावोगाव जावे लागे, म्हणून त्यांना रीतसर परवाना मिळाला. त्यांचे रिव्हॉल्व्हर .३२ बोअरचे, लांब नळीचे, अस्सल पोलादी आहे. पेढी बंद झाली, आई गेली, आणि वडिलांना विस्मरणाचा आजार जडला. रिव्हॉल्व्हर मात्र त्यांना आठवते. शेजारचे मोहनराव दोन्ही वेळचा डबा देतात. गेल्या महिन्यात वडिलांनी त्यांना दारातच "कोण रे तू?" म्हणून दरडावले आणि हात कमरेकडे नेला. तेव्हापासून मोहनराव डबा पायरीवर ठेवतात आणि स्वतःच्या घरी पोचल्यावर फोन करून तसे कळवतात.

२. गेल्या खंडेनवमीला वडिलांनी नेहमीप्रमाणे शस्त्र पाटावर मांडून पूजा केली आणि व्हिडिओ कॉलवर मला दाखवली. झेंडूची माळ घातलेले ते रिव्हॉल्व्हर त्यांना एका हाताने उचलवेना. दोन हातांनी उचलले तर नळी थरथरत थेट फोनकडे वळली. मी आणि माझे यजमान इतक्या लांब बसूनही खाली वाकलो. त्यावर वडील म्हणाले, "जड झालंय गं. आता लहान घेतो. सदऱ्याखाली राहील, कुणाला दिसायचं नाही." पुढे त्यांनी तसा अर्ज केला. आपल्या कार्यालयाकडून माझ्या कुठल्याही अर्जाला महिन्याच्या आत उत्तर आलेले नाही, पण त्यांचा अर्ज आठवड्यात मंजूर झाला.

३. मला यातले ओ की ठो कळत नव्हते. म्हणून मी हार्लेमच्या एका नेमबाजी क्लबात पाहुणी म्हणून गेले. तिथे योके नावाच्या प्रशिक्षक बाईंनी समजावले, ते नम्रपणे आपल्या निदर्शनास आणते. गोळी सुटली की शस्त्र मागे धक्का मारते. .२२ सारख्या बारीक गोळीचा धक्का कमी, मोठ्या गोळीचा जास्त. पण गोळी तीच ठेवून शस्त्र हलके केले, तर धक्का वाढतो, कारण तो सोसायला वजनच उरत नाही. शिवाय आखूड मुठीवर धड तीन बोटे बसत नाहीत. थोडक्यात, जे सदऱ्याखाली लपते ते हातात उसळते, आणि जे हातात शांत राहते ते लपत नाही. मी स्वतः हलके वापरून पाहिले. पहिली गोळी कागदाला लागली, दुसरी कुठे गेली ते योकेबाईंनाही सापडले नाही. माझे मनगट चांगले आहे. वडिलांचा चहासुद्धा बशीत सांडतो.

बाईंनी विचारले की वडील शस्त्र कुठे ठेवतात. इथल्या नियमाने शस्त्र भिंतीला पक्क्या बसवलेल्या तिजोरीत ठेवावे लागते, गोळ्या वेगळ्या, आणि अंगावर बाळगायचे नाव काढायचे नाही. मी सांगितले, उशीखाली. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

४. तरी माझे म्हणणे एवढेच की, आजवर मोहनराव सुखरूप आहेत ते केवळ रिव्हॉल्व्हर जड आहे म्हणून. लहान असते तर त्या दिवशी वडिलांनी ते उपसले असते.

५. आपल्या पत्रात वैद्यकीय दाखला जिल्हा रुग्णालयाचा, रुग्णास समक्ष तपासून दिलेला हवा, असे म्हटले आहे. वडील रिव्हॉल्व्हर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, आणि रिव्हॉल्व्हर घेऊन रुग्णालयात सोडत नाहीत. यावर काय करावे, हे मी दुसऱ्या अर्जात विचारले होते. तोही दाखल झाला.

६. मागच्या निवडणुकीच्या आचारसंहितेत सर्वांबरोबर वडिलांचेही शस्त्र पोलीस ठाण्यात जमा होते. ते कुठे आहे असे वडील रोज विचारत, आणि "निवडणूक आहे" म्हटले की त्यांना रोज पटे. आम्ही सगळे शांत झोपलो. निकाल लागताच ठाण्याने ते तत्परतेने घरपोच केले. तरी निवडणूक नसताना ती चालू आहे असे समजून पुन्हा जमा करून घेता येईल का? मला माहीत आहे, हे नियमात बसत नाही. नियमात बसणारे सगळे करून झाले आहे.

७. परवानाधारकाने किंवा त्याच्या वारसाने शस्त्र घेऊन समक्ष हजर राहावे, असे आपण कळवले आहे. भाऊबहीण मला नाहीत, त्यामुळे वडील हयात असताना मी वारस म्हणून येत आहे. सोबत एखादा शिपाई मिळाल्यास उपकार होतील, मिळेल अशी अपेक्षा नाही.

गेल्या रविवारी मी फोन केला तेव्हा वडील मला अहोजाहो करून म्हणाले की, आमची योगिनी परदेशात असते, आपण कोण बोलता? त्यामुळे मी दारात उभी राहीन तेव्हा ते मला ओळखतील, याचा भरवसा उरलेला नाही. बाकी काही मंजूर झाले नाही तरी चालेल, निदान मी पोचेपर्यंत त्यांना लहान रिव्हॉल्व्हर घेऊ देऊ नये. जड असले, तर ते उचलेपर्यंत मला माझे नाव सांगता येईल.

आपली नम्र, आणि अजूनही त्यांचीच मुलगी,
(सही)
सौ. योगिनी खासनीस
दि. १२ मे २०२६

सोबत: १) माझ्या पासपोर्टची प्रत. २) फॅमिली डॉक्टरांचा दाखला (आपण परत पाठवलेलाच).